आधी प्रत, मग औषध

॥ श्री ॥

खानापूर, जि. बेळगाव
आषाढ, रविवार रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार. तात्यांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवा फोनवर तू म्हणालास, "वखारीतलं जुनं मशीन निळा स्क्रीन दाखवायलंय, पुतण्या रात्री चेकडिस्क लावून झोपणार हाय," आणि मी नुसतं "थांब, काही करू नको" असं ओरडलो. तेवढ्यात लाईट गेली, फोनही तुटला. तुला वाटलं असेल, हा का एवढा घाबरला. म्हणून उद्याच्या निपाणीच्या गाडीतून एक पेटी पाठवतोय आणि तिच्यात हे पत्र ठेवतोय. पेटीतल्या वस्तूंना हात लावायच्या आधी पत्र पूर्ण वाच.

त्या कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कवर तात्यांच्या ओव्या आहेत. नव्वद सालापासून तुमच्या आजूबाजूच्या गावांत, इकडे आमच्या खानापूरच्या रानातल्या वाड्यांवर सायकलवरून हिंडून त्यांनी म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. मराठी ओवीत मध्येच कानडीतली "अक्का" येते, "तंगी" म्हणजे धाकटी बहीण येते, तेही त्यांनी जसंच्या तसं ठेवलं. वह्या पावसाने खाल्ल्या. गाणाऱ्या बायका बहुतेक गेल्या. तात्यांना आता अक्षर दिसत नाही. म्हणजे जगात ती प्रत एकच, आणि ती त्या ४० जीबीच्या डिस्कवर. हे डोक्यात ठेवून पुढचं वाच.

आपण टिळकवाडीत खोली करून राहायचो तेव्हाचा क्लासमधला विंडोज ९८ आठवतो ना? लाईट गेली की पुढच्या वेळी सुरू होताना आपोआप निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क चालायचं, पट्टी सरकायची आणि मशीन पुन्हा उभं राहायचं. तेव्हापासून आपल्या पिढीच्या मनात बसलंय की डिस्क बिघडली की तपासणी लावायची, ती बरी होते. विंडोज एक्सपीतलं चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासायची आज्ञा, त्याच घराण्यातलं. पण ते डिस्कच्या शरीराचं काही दुरुस्त करत नाही, फक्त नोंदी जुळवतं. कुठली फाइल कुठे आहे, कुठली जागा कोणाच्या नावावर, एवढंच. उताऱ्यावरची नोंद दुरुस्त केली म्हणून मलप्रभेने खाल्लेला बांध परत येतो का?

तुझ्या स्क्रीनवर शून्य एक्स आणि शेवटी ईडी असा आकडा आणि "अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम" अशी अक्षरं आहेत म्हणालास. त्याचा अर्थ एवढाच की विंडोजला आपलं स्वतःचं घर उघडता आलं नाही. नोंदी विस्कटल्या असतील तरी तो स्क्रीन येतो, केबल खराब असेल तरी येतो आणि डिस्क मरत असली तरी येतो. जो तो त्यावर एकच उपाय सांगतो: सीडी घाल, आर दाबून रिकव्हरी कन्सोलमध्ये जा, चेकडिस्कपुढे तिरकी रेघ देऊन आर लिही. डिस्क धडधाकट असेल आणि फक्त नोंदी विस्कटल्या असतील तर या उपायाने मशीन उठतंही. पण तू सांगितलंस, आतून टक् टक् असा आवाज येतो. आवाज येणाऱ्या डिस्कवर तो उपाय म्हणजे छातीत दुखणाऱ्या माणसाला राजहंसगड पळत चढायला लावणं.

कारण तो "आर" डिस्कचा कण न् कण वाचून काढतो. ५१२ बाइटचा एक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा एक कप्पा, धरला तर ४० जीबीत ७ कोटी ८० लाखांच्या वर सेक्टर होतात. खराब जागा आली की डिस्क तिथेच पुन्हा पुन्हा डोकं आपटते. तेही तास न् तास, रात्रभर, गरम होत. आणि त्याच वेळी चेकडिस्क नोंदींमध्ये लिहीतही असतं. जी डिस्क धड वाचत नाही, तिच्या वाचण्यावर विसंबून लिहीत असतं. जी नोंद वाचता आली नाही ती खोटी ठरवून पुसून टाकतं.

हे मला कोणी शिकवलेलं नाही, मी भोगलंय. तुला कधी नीट सांगितलं नाही. दुकान चालू करून तीन-चार वर्षं झाली असतील, आमच्या भागातल्या एका शाळेच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या तुकड्यांचे जुने फोटो गावातून गोळा करून मी स्कॅन केले होते. डिस्क आवाज करायला लागली. मी चेकडिस्क लावलं आणि जेवायला गेलो. परत आलो तर स्क्रीनवर इंडेक्समधल्या नोंदी काढून टाकल्याच्या ओळींमागून ओळी धावत होत्या. मी बघत उभा राहिलो, बंद करायची हिंमत झाली नाही. सकाळी बायोसलाच, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रामलाच, डिस्क दिसेना. त्याआधी शेवटचं मशीन उठलं तेव्हा "फाउंड" नावाच्या फोल्डरात शेकडो तुकडे होते, एकाचंही नाव नाही, बहुतेक उघडले नाहीत. मूळ फोटो ज्या पेटीत परत ठेवले होते तिला नंतर वाळवी लागली. त्या शाळेच्या गुरुजींसमोर उभं राहून सांगावं लागलं, तो दिवस मी विसरलेलो नाही. तात्यांसमोर तुला तसं उभं राहायला लागू नये, एवढ्यासाठी ही सगळी धडपड.

तर आता काय करायचं. वायर काढ, कॅबिनेट उघड, डिस्क बाहेर काढ. ती पुन्हा त्या मशीनमध्ये चालू करायची नाही. पेटीत आयडीई (म्हणजे जुन्या रुंद पट्टीच्या डिस्कची जोडणी) ते यूएसबी जोडणी आहे, तिला स्वतःचा करंट लागतो, तिचा वेगळा चार्जरही दिलाय. डिस्कच्या मागचा बारीक जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, "मास्टर"वर आहे का बघ, स्लेव्हवर असेल तर ही जोडणी तिला ओळखत नाही. डिस्क हातात धरताना कडेने धर, मागच्या हिरव्या पट्टीला बोट लावू नको, आणि फिरत असताना जागची हलवू नको.

पुतण्याचा लॅपटॉप वापरायचा, पण त्याच्या विंडोजमध्ये नाही. विंडोज चालू असताना ही डिस्क जोडलीस की ते लगेच तिच्यावर हात टाकतं, "तपासून दुरुस्त करू का" विचारतं, आणि पोरं हो म्हणतात. म्हणून पेटीतला पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप त्याच्यावरूनच सुरू करायचा. त्यात विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स आहे आणि डीडीरेस्क्यू नावाचं एक अवजार आहे. मला या अवजाराबद्दल मनापासून आदर आहे. ते खराब जागेवर अडून बसत नाही. जिथे अडखळतं ती जागा सोडून पुढे जातं, जे सहज मिळतं ते आधी गोळा करतं आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळतं. मरणाऱ्या डिस्ककडे किती दम उरलाय हे कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून तो दम आधी चांगल्या भागावर खर्च व्हायला हवा. शिवाय ते एक नोंदवही ठेवतं, मॅपफाइल. कुठवर आलो, काय राहिलं, सगळं तिच्यात. आपल्याकडे लाईट गेली तरी पुन्हा तिथूनच पुढे सुरू करता येतं. फक्त दरवेळी तीच नोंदवही द्यायची, नवीन नाव दिलंस तर पहिल्यापासून सुरू होईल.

प्रत माझ्या ५०० जीबीच्या बाहेरच्या डिस्कवर जाईल. ती मी एनटीएफएसमध्ये करून दिलीय. डिस्कवर फाइली मांडायची ती एक पद्धत, फॅट-३२ ही दुसरी, जुनी. फॅट-३२ वर ४ जीबीएवढी मोठी फाइल मावत नाही आणि ही प्रत म्हणजे ४० जीबीची एकच फाइल असेल. आज्ञा मी वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलीय. क्रम असा: आधी जुनी डिस्क, मग प्रत, मग नोंदवही. उलटं झालं तर कोऱ्यावरून भरलेल्यावर लिहायला सांगितल्यासारखं होईल. कुठली डिस्क कुठली हे नावावरून नाही, आकारावरून ओळख. तात्यांची ३७ च्या आसपास दिसेल. ४० विकून ३७ दिसते, ती मोजायची पद्धत वेगळी आहे, काही हरवलेलं नाही. एंटर दाबायच्या आधी पुतण्याला बाजूला बसवून दोघांनी मोठ्याने वाचा.

पहिली फेरी संपली की डिस्क बंद करून थंड होऊ दे. मग राहिलेल्या जागांसाठी तीन फेऱ्यांची दुसरी आज्ञा आहे. शेवटी काही जागा मिळाल्या नाहीत तरी हरकत नाही, ओव्यांच्या फाइली लहान आहेत, त्या नेमक्या तिथेच असतील असं नाही. चेकडिस्क चालवायचं असेल तर ते नंतर, प्रतीच्या प्रतीवर. तिथे खुशाल चालव.

लॅपटॉपला डिस्क दिसलीच नाही आणि नुसती टक् टक् करत राहिली, तर तिथेच थांब. उघडायची नाही, फ्रीजमध्ये ठेवायची नाही, कोणी काही सांगो. तशीच कापडात गुंडाळून माझ्याकडे पाठव, मग आपण बाहेरच्या शहरातल्या डेटा काढून देणाऱ्यांकडे नेऊ. खर्च होईल. निम्मा मी देईन, यावर वाद घालू नको.

डिस्क बाहेर असताना मशीन तपासून घे, कारण आवाजाचं मूळ कधीकधी डिस्कमध्ये नसतंच. एसएमपीएसची, म्हणजे मशीनला करंट देणाऱ्या डब्याची, एक मोकळी चार टोकांची पिन घे, मल्टीमीटरने मोज. पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट, लालवर ५, मधल्या दोन काळ्या. पिवळीवर ११.४ च्या खाली असेल तर डिस्कची मोटर धापा टाकणारच. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आजूबाजूला जे गोल नळकांडे कपॅसिटर असतात, त्यांची डोकी सपाट हवीत. फुगली असतील किंवा तपकिरी डाग असेल तर तो बोर्ड संपला समज. तुमच्या वखारीत तंबाखूची धूळ पंख्यात बसून गोधडीसारखा थर होतो, तो मऊ ब्रशने काढ, नाका-तोंडाला फडकं बांधून. रॅमची सोनेरी टोकं खोडरबरने हलकी पूस. या पावसात आमच्या कौलारू दुकानात महिन्याला ते करावं लागतं.

तू म्हणालास दोन महिने मशीन फार मंद झालं होतं, माउसही अडखळायचा. यावरून मला केबलचाही संशय आहे. एक्सपीची एक खोड आहे: डिस्कशी बोलताना सहा वेळा चूक झाली की ते वेग एक पायरी उतरवतं आणि उतरत उतरत पीआयओ नावाच्या जुन्या संथ रीतीवर येऊन बसतं. मग प्रत्येक बाइट प्रोसेसरने स्वतः उचलून ठेवायचा. गेल्या वर्षी इथल्या एका मास्तरांनी असंच मशीन भंगारात काढलं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेल उघडून पाहिलं तर पीआयओ लिहिलेलं. डिस्कच्या आत स्मार्ट म्हणून जी नोंद असते तिच्यात १९९ क्रमांकाचा आकडा वाढलेला, म्हणजे वाटेत चुका, आणि ५ व १९७ दोन्ही शून्य, म्हणजे पृष्ठभाग ठीक. जुनी ४० तारांची पट्टी काढून ८० तारांची लावली, चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन पुन्हा सुरू केलं, आणि ते पळायला लागलं. तशीच एक ८० तारांची पट्टी गणपत गल्लीच्या मागच्या एका भंगारवाल्याकडून मिळाली, ती पेटीत आहे. पण टक् टक् आहे म्हणून मी केबलवर भरवसा ठेवून बसणार नाही. आधी प्रत.

एक मोठी गोष्ट राहिली. ओव्यांच्या फाइली मिळाल्या म्हणजे ओव्या मिळाल्या असं नाही. तात्यांनी युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. त्या फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरांच्या जागाच आहेत, त्यांच्यावर मराठी आकार चढवलेत. तो फॉन्ट नसला तर "जात्यावर बसली" ऐवजी कंस आणि प्रश्नचिन्हांची रांग दिसेल. म्हणून विंडोजच्या आतलं फॉन्ट्स फोल्डर संपूर्ण काढ. त्या मराठी सॉफ्टवेअरचं कुलूप, तो प्रिंटरच्या रुंद भोकात बसवलेला डोंगल, तोही जपून ठेव, फेकू नको. त्याच्याचसाठी ते मशीन आजवर एक्सपीवर राहिलंय. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा हात सोडला, म्हणून त्या मशीनला इंटरनेटची वायर लावायची नाही, एवढं पाळ. फाइली आल्या की मी एकेक करून युनिकोडमध्ये आणतो. रफार आणि जोडाक्षरं बदलताना मोडतात, तेव्हा वाचून दाखवायला कोणीतरी हवं. तात्यांना दिसत नसलं तरी ऐकू येतं. तू ओळ वाच, ते चूक लगेच पकडतील, त्यांना सगळ्या पाठ नसल्या तरी चाल पाठ आहे.

घड्याळ दरवेळी मागे जातं म्हणालास, ते मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ सेलमुळे. घड्याळाच्या दुकानात मिळेल.

पेटीत कुंदाही आहे, तात्यांच्या नावाचा. त्यांना साखर वर्ज्य असेल तर वहिनींनी ठरवावं. फोन रात्री आठनंतर कर, दिवसा आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. पहिल्या फेरीचा शेवटचा आकडा, किती वाचलं आणि किती राहिलं, तो कागदावर उतरवून घे आणि मग फोन लाव. आणि पेटी परत पाठवताना ती ८० तारांची पट्टी दुमडू नको, सरळ ठेव, तिच्यासारखी दुसरी मिळायला मला दोन बाजार हिंडायला लागले.

तुझा,
खानापूरवाला

ता. क. – पुतण्याला रागावू नको. चेकडिस्क लावूया असं मला सुचलं होतं तेव्हा मी त्याच्यापेक्षा मोठा होतो.