मदत उद्घाटनापाशी थांबू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाद्यपदार्थांचा लहान उद्योग सुरू करू पाहणाऱ्या महिलांना प्रशिक्षण, प्रमाणपत्र, प्रारंभिक कर्ज आणि एखाद्या प्रदर्शनात जागा, एवढे आता बऱ्याच ठिकाणी मिळू लागले आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ही मदत उद्योग सुरू होण्याच्या दिवसापर्यंत येते आणि तिथेच संपते. गेली काही वर्षे मी अशा उद्योगांचे हिशेब लिहून देण्यास मदत करते. माझ्या पाहण्यात जे उद्योग बंद पडले ते बहुतेक पहिल्या वर्षातच, आणि पदार्थ चांगला नव्हता म्हणून त्यांतला क्वचितच एखादा.

पहिली चूक वहीतच असते. कच्चा माल आणि वेष्टन यांचा खर्च नीट मांडलेला असतो, पण पहाटेपासून उभे राहून घालवलेले तास, इंधन, बिघडलेला घाणा, पोहोचवण्याची मजुरी आणि विक्रेत्याचे कमिशन यांचा पत्ता नसतो. स्वतःच्या श्रमाला मोल लावण्याची सवयच आपण बायकांना लागू दिलेली नाही. त्यामुळे रोज विक्री वाढत असतानाही हाती काही उरत नाही, आणि मोठी ऑर्डर आली की तोटाही तेवढाच मोठा होतो. पाककृतीच्या प्रशिक्षणापेक्षा या स्त्रियांना पहिले वर्षभर महिन्यातून एकदा कोणीतरी शेजारी बसून हिशेब पाहणारे हवे असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कर्जाबाबत तर आता अंदाजावर बोलण्याचीही गरज उरलेली नाही. कर्ज हातात पडल्यावर दुसऱ्याच आठवड्यात हप्ता सुरू झाला, तर ती बाई भांडी, यंत्र किंवा घाऊक माल यांत पैसे गुंतवूच शकत नाही, कारण हप्त्यासाठी काही रक्कम बाजूला ठेवावी लागते. कोलकात्यात काही महिला कर्जदारांना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी भरण्याची मुभा देऊन पाहण्यात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार या महिलांनी उद्योगात अधिक पैसे घातले आणि पुढे त्यांचा नफाही वाढला. हप्ते थकण्याचे प्रमाणही वाढले, हे सांगितलेच पाहिजे. पण त्यावर उपाय म्हणून सवलत नाकारण्याऐवजी कर्ज देणाऱ्याने त्या काळात कर्जदाराच्या संपर्कात राहणे मला अधिक योग्य वाटते.

दुसरी गोष्ट घरातली आहे आणि म्हणूनच तिच्याविषयी कमी बोलले जाते. महिलांच्या उद्योगांत घातलेल्या भांडवलाला फळ येत नाही, असा निष्कर्ष पूर्वीच्या काही अभ्यासांतून काढला गेला होता. भारत, श्रीलंका आणि घाना येथील माहिती पुन्हा तपासल्यावर २०१९ मध्ये असे दिसून आले की, घरात दुसरा व्यवसाय असेल तर बाईच्या नावावर आलेला पैसा तिकडे वळतो. जिथे तिचा एकटीचाच व्यवसाय होता, तिथे तिच्या भांडवलावरील परतावा पुरुषांइतकाच होता. युगांडात सुमारे ३,००० महिला कर्जदारांपैकी काहींना कर्ज रोख न देता मोबाइलवरील त्यांच्या स्वतंत्र खात्यात जमा करण्यात आले. आठ महिन्यांनी, रोख कर्ज घेणाऱ्या महिलांच्या तुलनेत, त्यांचे व्यवसायातील भांडवल ११ टक्क्यांनी आणि नफा १५ टक्क्यांनी अधिक होता. रक्कम कोठे जमा होते, एवढ्याशा बदलाने हा फरक पडला.

अन्नसुरक्षेच्या नियमांत सूट द्यावी, असे मी मुळीच म्हणणार नाही. शिजवलेला ओलसर पदार्थ ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान फार वेळ राहिला तर त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. तिथे काटेकोर तपासणी हवीच. मात्र पूर्ण वाळवलेला किंवा ४.६ पेक्षा कमी सामू (पीएच; हे माप जितके कमी तितका पदार्थ आंबट) असलेला आंबट पदार्थ याच तराजूत तोलण्याचे कारण नाही. कॅलिफोर्नियात २०१३ च्या आरंभी लागू झालेल्या कायद्याने कमी जोखमीच्या पदार्थांची यादी करून ते घरच्या स्वयंपाकघरात बनवून विकण्यास परवानगी दिली. थेट ग्राहकाला विकणाऱ्यांची नोंदणी सोपी ठेवली, तर दुकानांमार्फत विकणाऱ्यांसाठी स्वयंपाकघराची तपासणी आवश्यक केली. जोखमीप्रमाणे नियम असे याला म्हणावे.

शेवटचा मुद्दा वसुलीचा. दुकानदार माल ठेवून घेतो, पैसे विकला गेल्यावर देतो आणि उरलेला परत करतो. म्हणजे नासाडीचा भार सर्वांत दुबळ्या घटकावर पडतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार मोठ्या खरेदीदाराने आपल्याहून लहान पुरवठादाराला नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत आणि इतर खाद्यमालाचे ६० दिवसांत द्यायचे असतात. नाशवंत मालाची ऑर्डर ऐन वेळी रद्द करण्यासही मनाई आहे. जिथे महिलांच्या उद्योगांना प्रोत्साहन देण्याची भाषा केली जाते, त्या संस्था, कार्यालये आणि उपाहारगृहे यांनी निदान स्वतःच्या खरेदीपुरता हा दंडक आजपासून पाळावा. त्यासाठी नव्या योजनेची वाट पाहावी लागत नाही.

अशा योजना चालवणाऱ्या सर्वांना माझी एक विनंती आहे. आपण किती महिलांना उद्योग सुरू करून दिले, हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध होतो. त्याच्या शेजारी, दोन वर्षांपूर्वी सुरू झालेल्यांपैकी आज किती चालू आहेत आणि त्या महिलांच्या स्वतःच्या खात्यात दरमहा किती रक्कम उरते, हे दोन आकडेही छापावेत.

आपली विश्वासू,
एक वाचक