शेवटचा हप्ता पावसाला विचारून द्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. दसरा झाला की गोव्यात आमच्या डिचोली तालुक्यात जिथंतिथं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे ट्रक दिसायला लागतात आणि दिवाळी झाली की चांगला गवंडी मिळेनासा होतो, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितेय. यंदा कुणी जुन्या घराचं काम काढणार असेल तर त्यांनी आमच्यासारखी चूक करू नये एवढंच.

आमचं घर तळ्याकाठी आहे. मोठं नाही, सोपा, छोटं राजांगण म्हणजे मधलं अंगण, तीन खोल्या, मागे न्हाणी आणि परसातून पंधरा-वीस पावलांवर पाणी. सासूबाई गेल्या तेव्हापासून चार वर्षं बंदच होतं, मिस्टरांची रिटायरमेंट जवळ आली तसं ठरवलं की नीट करून घेऊ आणि तिथंच राहू. ठेकेदार ओळखीतलाच, घरातून एक चक्कर मारली, मोबाईलवर काहीतरी बेरीज केली आणि म्हणाला नऊ लाखांत सगळं होतं. कागदावर लिहून दे म्हटलं तर हसला, "पेपर कित्याक बाय, आमी कितें परके?" (कागद कशाला, आपण काय परके?) आता असं म्हटल्यावर माणूस काय बोलणार? आम्ही पण हसलो.

शेवटी काम 14 लाख 40 हजारांवर गेलं. वरचे 5 लाख 40 हजार कुठं गेले ते सांगते.

आधी छप्पर. कौलं उतरवली तर मट्टीच्या लाकडाचे वासे, वरून बघाल तर ठणठणीत, पण भिंतीत घुसलेली टोकं वाळवीनं पोकळ करून टाकलेली. 1 लाख 90 हजार. यात त्याची लबाडी नव्हती हे मी कबूल करते, कौलं न काढता ते दिसतच नाही. पण मग कौलं न काढता आकडा सांगायचाच कशाला? आता मी सगळ्यांना सांगते की एस्टिमेट घ्यायच्या आधी एका सुताराला एक दिवसाची मजुरी द्या, भिंतीलगतच्या चार-पाच ओळी कौलं काढायला लावा आणि प्रत्येक वाशाच्या टोकाला पेचकस खुपसून बघा. आत गेला तर वासा गेला. एका दिवसाच्या मजुरीत लाख-दीड लाखाचा अंदाज आधीच येतो. वायरिंगचे 85 हजार, त्याबद्दल बोलत नाही, जुन्या घरात ती बदलावी लागणार हे आम्हालाच कळायला हवं होतं.

मग सेप्टिक टँक. ठेकेदारानं त्याचा शोषखड्डा खणला तो विहीर आणि तळं यांच्या बरोबर मध्ये, कारण तिथं माती मऊ होती म्हणे! भाची इंजिनिअर आहे, तिनं फोटो बघून फोनवरच डोक्याला हात लावला. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा निदान 18 मीटर लांब हवा, आणि तळ्याकाठी पावसात जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की खड्डा शोषायच्या ऐवजी उलटा भरतो. सगळं उकरून वरच्या अंगाला हलवलं, 1 लाख 40 हजार. खड्डा चुकीच्या जागी खणल्याची मजुरी पण आम्हीच दिली. यावरून आठवलं, तळ्याकाठी नवीन काही वाढवायचं असेल तर ते तळं सरकारनं अधिसूचित म्हणजे जाहीर केलेली पाणथळ जागा आहे का ते आधी विचारा, असेल तर 2017च्या पाणथळ नियमांप्रमाणे पुराच्या पाण्याच्या सरासरी रेषेपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही. पंचायतीची परवानगी तर लागतेच, ठेकेदार म्हणतो रिपेअरला काय लागत नाही, पण नोटीस येते ती घरमालकाच्या नावावर.

आणि आता प्लास्टर, माझं खरं दुखणं. जुना चुन्याचा गिलावा खरवडून त्यानं चिऱ्यावर सिमेंट मारलं, वर चकचकीत पेंट. एप्रिलमध्ये घर असं दिसत होतं की पाहुणे येऊन फोटो काढत होते. मे महिन्यात त्यानं राहिलेले पैसे मागितले, कामगारांना गावी जायचंय, आणि आम्ही शेवटच्या रुपयापर्यंत देऊन टाकले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भिंतीला फोड आले, जुलैत लोणा म्हणजे पांढरा खार फुटला, गणेश चवथीला पाहुणे आले तेव्हा माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगतो ती फळापानांची) मागच्या भिंतीचे पापुद्रे गळून पडत होते. चिरा सच्छिद्र असतो, तळ्याकाठची ओल पायातून वर चढते आणि तिला बाहेर पडायला वाट हवी असते, चुना ती देतो, सिमेंट अडवतो. हे मला नंतर एका म्हाताऱ्या गवंड्यानं सांगितलं, त्यानंच परत चुन्यात करून दिलं, 1 लाख 25 हजार. पहिल्या ठेकेदाराला फोन केला की "चवथ जाऊं दी", मग "दिवाळी जाऊं दी", मग फोन उचलणंच बंद.

सरकारी कामात ठेकेदाराचे थोडे पैसे डिपॉझिट म्हणून अडकवून ठेवतात आणि ठराविक मुदतीत काही बिघडलं तर त्यानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचं असतं. मग आपण घरच्या कामात तसं का करत नाही? माझं म्हणणं सरळ आहे, दहा टक्के पैसे सप्टेंबर संपेपर्यंत द्यायचे नाहीत आणि हे काम सुरू व्हायच्या आधीच लिहून घ्यायचं. कागद फार मोठा नको, एक पान पुरतं. काय काय करणार, सामान कोण आणणार आणि कुठल्या कंपनीचं, कुठल्या टप्प्याला किती पैसे, वाढीव काम निघालं तर आधी दर ठरणार मग हात लावणार. स्क्वेअर फुटाचा रेट नव्या घराला ठीक आहे, जुन्या घराला त्याला काही अर्थ नाही. आणि हाताशी वेगळे तीस टक्के ठेवा, पाण्याजवळ घर असेल तर नक्कीच. ग्राहक आयोगात जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या कामाला तिथं फी पण नाही, पण आम्ही गेलो नाही, दाखवणार काय? यूपीआयच्या पावत्या आणि त्याचं हसणं?

ठेकेदारांची बाजू पण आहे, नाही असं नाही. गोव्यात रेती काढण्यावर बंधनं, बरीचशी बाहेरून येते, चिरे सिंधुदुर्गातून, कामगार कर्नाटक-ओडिशातून, आजचा दर पुढच्या आठवड्यात राहील याची खात्री त्यालाच नसते, म्हणून तो आकडा हवेत सांगतो. पण दर उतरला तर तो आपल्याला सांगत नाही हेही तितकंच खरं. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, त्यानंतर बरेच दिवसांनी आमच्या शेजाऱ्याला जे कोटेशन मिळालं त्यात 28 टक्केच लावले होते. शेजाऱ्यानं विचारलं तेव्हा म्हणे टायपिंग मिस्टेक. अशी मिस्टेक गिऱ्हाइकाच्या बाजूनं झालेली मी अजून बघितली नाही.

सार्वजनिक बांधकाम खात्याचं दरपत्रक असतं, पण ते जाडजूड इंग्रजी पुस्तक कोण उघडणार? म्हणून माझी विनंती सरकारला नाही, तुम्हालाच आहे. तुम्ही रोज भाजीचे, मासळीचे, सोन्याचे दर छापता. सोनं मी दहा वर्षांत एकदा घेतलं असेल. नोव्हेंबर ते मे, महिन्यातून एकदा तरी चिरे, रेती, सिमेंट, मंगळुरी कौलं आणि गवंडी-सुताराची रोजची मजुरी यांचे दर छापा, डिचोली, फोंडा, मडगाव, म्हापसा असे वेगवेगळे. हातभर जागा लागेल फक्त. मासळीच्या खालीच छापलेत तरी चालेल, तिथं आमची नजर आधी जाते.

आपली,
एक वाचक, डिचोली