सुनेच्या हातचं

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

अलिबागच्या आपल्या खानावळीवर तुम्ही लावलेल्या नव्या पाटीचा फोटो मिळाला. तुम्ही पाठवायच्या आधीच मिळाला होता, तोही सासूबाईंच्या फोनवर. त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला होता. 'सुनेच्या हातचं खाऊन कंटाळलात? आत या.' सासूबाई आधी मनापासून हसल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जाऊन येऊया का एकदा तुझ्या माहेरी जेवायला?" मी आमटीला फोडणी घालत होते. मोहरी जरा जास्तच तडतडली.

आई, तू फोनवर म्हणालीस की बाबांना कुणी काही बोलू नका, त्यांचं बीपी वाढतं. म्हणून लिहिते आहे. कागदावर मला मध्येच तोडता येत नाही, हा एक फायदा.

आधी काळजीचं. बाबा, तुम्हाला पोलीस काहीही करणार नाहीत. माझ्या वकील मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, भावना दुखावल्याचं कलम धर्माच्या बाबतीत लागतं, आणि सून हा अजून धर्म झालेला नाही. मराठी पाट्यांचा नियमही तुम्ही पाळलेलाच आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा मुंबईतल्या दुकानदारांची केवढी धावपळ झाली. आपल्या खानावळीवर पहिल्या दिवसापासून देवनागरी आहे. तेव्हा कायद्याने तुम्ही निर्धास्त. पण बचत गटाच्या बायका पाटी काढा म्हणून निवेदन घेऊन आल्या ते कायद्यासाठी नव्हतं, आणि तुम्ही त्यांना सोलकढी पाजून 'विनोद कळायला पण डोकं लागतं' म्हणालात, ते मला काही आवडलेलं नाही.

तुमच्या पाट्यांची मी किती मोठी चाहती आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. 'मासा ताजा आहे का, हे माशाला विचारावे' ही मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवली आहे. 'ओहोटी कधी लागेल हे वाढप्याला विचारू नये' ही तर अलिबागशिवाय कुठे सुचणारच नाही. कुलाबा किल्ल्यावर चालत जायचंय म्हणून जेवता जेवता सतत घड्याळ बघणारी ती मुंबईची मंडळी डोळ्यांसमोर येतात. 'उधारी समुद्रात बुडाली आहे' ही जुनीच, पण आपल्याकडे समुद्र खरा आहे म्हणून चालते. पुण्याच्या पाट्यांपेक्षा या पाट्या मला बऱ्या वाटतात. तिथे गिऱ्हाइकाला हाकलून देण्याची हौस असते, तुमच्या पाटीवर हसत हसत माणूस आत येतो.

मग या पाटीवर एवढं का अडलंय? तुम्ही म्हणता, 'हल्ली लोकांना काहीही टोचतं. प्रत्येकावर विनोद होतात, मजेत घ्यायचं.'

बाबा, हे वाक्य आपल्या घरात आधी येऊन गेलंय. २०१९ चा जुलै आठवा. 'अलिबाग से आया है क्या?' या वाक्यावर बंदी घाला म्हणून आपल्याकडच्या एका गृहस्थांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. कोर्टाने ती फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, संता-बंताचे होतात, मद्राशांवर होतात, उत्तर भारतीयांवर होतात, अपमान वाटून घेऊ नका, मजा घ्या, असं काहीसं न्यायमूर्ती म्हणाले. त्या रात्री तुम्ही जेवताना ताट सरकवून म्हणालात, "त्यांना काय जातंय? त्यांना कुणी लोकलमध्ये विचारतं का?" याचिका करणाऱ्यांना एकदा जेवायला बोलवायचं म्हणत होतात. आता कोर्टाचं तेच म्हणणं तुम्ही शब्दशः बचत गटाला ऐकवलंत, फक्त गल्ल्यावर बसून.

माझं विचाराल तर तेव्हाही कोर्टाचं बरोबर होतं आणि आजही आहे. असल्या गोष्टी बंदीने सुटत नाहीत. मला ते वाक्य मुंबईत खूपदा ऐकावं लागलं, पण मला उलटून बोलता येत होतं. मी सांगायचे, तुमच्याकडे ट्रॅम विजेवर धावणार, आणि त्या विजेने मोजमापं बिघडणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली आमच्या अलिबागला हलवावी लागली, तेव्हा शहाणपण कुठे आहे ते बघा. समोरचा गप्प व्हायचा, किंवा त्याला काही कळायचं नाही. दोन्ही चालायचं.

वहिनी कुणाला काय सांगणार?

ही गोष्ट निवेदनात नाही, पाटी काढू नका म्हणत तुम्हाला हार घालायला आलेल्यांच्या भाषणात नाही, आणि तुम्ही दोघंही ती बोलत नाही. पाटीवर लिहिलंय सुनेच्या हातचं नको असेल तर आत या, आणि आत जे मिळतं ते सगळं सुनेच्याच हातचं. वालाचं बिरडं तिचं, जिताड्याचं कालवण तिचं, तांदळाच्या भाकऱ्या सकाळपासून तीच थापते. दादा बाजार करतो, तुम्ही गल्ला बघता, आई वाटण करते आणि देखरेख करते. (आई, रागावू नकोस, तू चाळीस वर्षं केलंस, हे मला ठाऊक आहे.) आई म्हणाली, "ती काही बोलली नाही." मी वहिनीला फोन केला. खूप खोदल्यावर बोलली. पाटी लागल्यापासून बिल देताना कुणी ना कुणी आत डोकावून म्हणतं, "सूनबाई, कंटाळा नाही आला बरं का!" आणि सगळी पंगत हसते. तेव्हापासून ती स्वयंपाकघराचं दार लावून घेते. मे महिन्यात, तीन शेगड्या पेटलेल्या असताना.

तुमच्या मनात तसं काही नव्हतं, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. पण खारघरच्या त्या हॉटेलवाल्याच्याही मनात काही नव्हतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये मी इथे मुंबईत कॉलेजात होते. 'हिटलर्स क्रॉस' नावाचं रेस्टॉरंट उघडलं होतं, आत हिटलरची मोठी तसबीर, बोधचिन्हात त्याचं स्वस्तिक. नाव लोकांच्या लक्षात राहावं, एवढाच मालकाचा हेतू. तुम्ही पेपर वाचून मला फोन केलात आणि म्हणालात, पनवेलला बेने इस्राएलांचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉग, इथे आपल्या इस्रायल आळीत दुसरं, आणि याला सबंध रायगड जिल्ह्यात दुसरं नाव सापडलं नाही? आळीतल्या मावशींनी आपल्याला किती वेळा मलिदा दिला असेल, ते तुम्हाला आठवलं होतं. पुढे ज्यू मंडळी मालकाशी जाऊन बोलली, आणि आठवड्याभरातच त्याने नाव बदललं. कोर्टाचा हुकूम लागला नाही. तुमची पाटी मी त्या पंगतीत बसवत नाहीये, उगीच ओरडू नका. एवढंच म्हणते की तेव्हा तुम्ही हेतू विचारला नव्हता, शेजारी कोण राहतं ते विचारलं होतं.

आता त्या हारवाल्यांबद्दल. पुण्याहून फोन करून 'काका, झुकू नका' म्हणणारा तो मुलगा, आणि पाटीखाली उभं राहून फोटो काढणारे ते तरुण नेते, यांच्यातला एक तरी जेवला का? दादा म्हणाला, चहा पिऊन गेले, पैसे तुम्ही घेतले नाहीत. बाबा, तुम्हाला हे आवडायला लागलंय, आणि मला बचत गटापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते. पाटी तुम्ही सहज लिहिली होतीत. आता तिची राखण करता आहात. उद्या ते दुसरं भांडण शोधतील. शनिवार-रविवारी मांडव्याला उतरणाऱ्या गिऱ्हाइकाला आपल्याकडे फक्त जेवायचं असतं.

म्हणून माझं मत: ही एक पाटी उतरवा. बाकीच्या सगळ्या राहू देत, कुणीही निवेदन आणलं तरी. आणि उतरवताना माफीबिफीचा कागद लावू नका, त्याचाही फोटो निघेल. बचत गटाच्या अध्यक्षबाईंना मात्र एकदा जेवायला बोलवा. डोक्याबद्दल बोललात ते त्यांच्या मनात राहिलं असणार.

वहिनीला मी विचारलं, तुला पाटी लिहायची असती तर काय लिहिलं असतंस? ती पटकन म्हणाली, "सासऱ्यांच्या विनोदाला कंटाळलात? भाकरी गरम आहे." मग घाबरून म्हणाली, बाबांना सांगू नका हं. मी सांगते आहे, कारण तुम्ही हसाल याची मला खात्री आहे. लावायची की नाही हे मला विचारू नका, तिला विचारा. आणि आईसमोर नको.

मी शनिवारी रो-रोने येते, भाऊच्या धक्क्यावरून सकाळची. सासूबाईही येतो म्हणतायत, त्यांना खरोखरच जिताडा खायचाय. पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा बाजूला काढून ठेवा. पेंटरला मी येईपर्यंत बोलावू नका. मागच्या पाटीवर त्याने 'जिताडा' दीर्घ काढला होता, आणि तुम्ही तसाच टांगलात.

तुमची,
धाकटी