अदूचा पंप

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला, तेव्हापासून जिवाला चैन नाही. बाबा, तुम्ही नुसतं "बरं, ठेवतो" म्हणालात. त्यापेक्षा रागावला असतात तर बरं झालं असतं. फोनवर मला रडू येतं, म्हणून लिहितेय.

ठरलंय ते आधी सांगते. मे महिन्यात अदू सोलापूरला येणार, महिनाभर राहणार. पण त्याच्या दम्यासाठीच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया आता बंद, आणि रोजचा स्टेरॉइडचा पंप एक दिवसही चुकवायचा नाही. हे आम्ही दोघांनी ठरवलंय, सासरचं कुणी काही बोललेलं नाही.

दिवाळीत पंप बंद ठेवला आणि त्या रात्री अदूला धाप लागली, त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. सहा वेळा सुया लावून झाल्या होत्या, पोरगं अंगणात हुंदडत होतं, खोकला नव्हता. आता कशाला ते स्टेरॉइड, असं कुणालाही वाटलं असतं. अ‍ॅक्युपंक्चरला मीच तर हो म्हणाले होते! पण बाबा, तो बरा होता तो आधीच्या महिन्यांतल्या पंपामुळे. त्या औषधाने श्वासनळीची सूज धरून ठेवलेली असते. बंद केलं की लगेच काही दिसत नाही, सूज हळूहळू परतते आणि एके रात्री गाठते.

एक गोष्ट तुम्हाला सांगितलीच नव्हती. पाचव्या वेळी सुया लावून आल्यावर अदू म्हणाला, "आई, मस्त वाटतंय." मी त्याला पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणाऱ्या नळीत, फुंकायला लावलं. एरवी 210 वर जाणारा काटा 150 वर थांबला. तेव्हाच बोलायला हवं होतं. आई किती आनंदात होती, माझी जीभ रेटली नाही.

मग मी वाचत बसले. अमेरिकेत हार्वर्डच्या डॉक्टरांचा 2011 सालचा एक प्रयोग आहे, दमा असलेल्या मोठ्या माणसांवरचा. त्याच माणसांना आळीपाळीने खरा पंप (अदूच्या निळ्या पंपासारखा, लगेच श्वास मोकळा करणारा), औषध नसलेला पंप आणि खोट्या सुया दिल्या. बरं वाटलं का, तर तिन्ही वेळा उत्तर जवळपास सारखंच. फुंकून मोजलं तेव्हा मात्र खऱ्या पंपाने श्वास 20 टक्क्यांनी सुधारला होता, बाकी दोन्हींनी साधारण 7. खऱ्या सुयांवरचे अभ्यासही पाहिले. ते लहान लहान आहेत, आणि दम्यासाठी सुयांवर विसंबावं असं त्यांतून काही हाती येत नाही. अदूला मस्त वाटलं ते खरंच होतं, पण नळी उघडली नव्हती.

बाबा, कोटणीसांच्या गावातल्या माणसाने सुयांना नावं ठेवू नयेत, असं तुम्ही म्हणालात. नावं नाही ठेवत. पण आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस भारतातून चीनला गेलेल्या डॉक्टरांच्या पथकात होते, आणि तिथे ते ऑपरेशनं करत होते. सुयांची विद्या भारतात आणली ती त्यांच्याच पथकातल्या कोलकात्याच्या डॉ. बसूंनी, कोटणीस गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. तुमच्या गुडघ्याला त्या सुयांनी आराम पडतोय ना, मग तुम्ही खुशाल जा. त्या डॉक्टरांना माझा नमस्कारही सांगा, त्यांनी अदूला फार मायेने हाताळलं.

आई, तुला उंचीची काळजी वाटते. ते स्टेरॉइड वर्षानुवर्षं घेतलं तर साधारण 1 सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. रात्रभर धाप लागलेलं पोर काय वाढणार, सांग! आणि डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, मिलिग्रॅमचा हजारावा भाग.

मला आठवतं गं सगळं. तू मला मांडीवर बसवून पहाटेपर्यंत पाठ चोळायचीस, तुझ्या हाताला ओव्याचा वास यायचा. बाबा मला शालीत गुंडाळून दम्याच्या, डेरिफायलीनच्या इंजेक्शनला न्यायचे. तेव्हा घरात पंप असता तर तुमच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

आता नीट ऐका. अदूच्या खोलीत उदबत्ती नाही, डासांची कॉइल नाही. आई, तुझी गोधडी तो सोडणार नाही, मीही सोडायला लावणार नाही. फक्त दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायची आणि कडक उन्हात वाळवायची. मिरचीची फोडणी देताना त्याला बाबांबरोबर बाहेर पाठव. पंप हलवून स्पेसरला, म्हणजे तोंडाला लावायच्या त्या नळकांड्याला, लावायचा, एक पफ, सहा श्वास, मग चूळ. बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला किंवा बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर लगेच श्वास मोकळा करणारा निळा पंप द्यायचा आणि रिक्षा करून थेट दवाखाना गाठायचा. मला फोन नंतर. बाबा, तुमची बीपीची गोळी त्याच्या पंपाशेजारीच ठेवा, म्हणजे दोघांचंही चुकणार नाही.

आंबे लागलीच मागवू नका, आम्ही आल्यावर बघू. कूलरच्या जाळ्या मी येऊन साफ करेन, बाबांनी स्टुलावर चढायचं नाही.

तुमची,
बेबी

ता. क. : अदूने विचारलंय, सहा श्वास आजी मोजणार की आजोबा? मी सांगितलंय, सकाळी आजी, रात्री आजोबा.