भूजलाच्या दालनात काळा पाषाणही हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विज्ञान केंद्रात भूजलाचे दालन करायचे ठरले की आराखड्यात हमखास चुनखडीची गुहा येते: छताला लोंबणारे लवणस्तंभ, अंधारात वाहणारी नदी. दृश्य देखणे आणि शास्त्रही खरे, पण ते स्लोव्हेनियातील क्रास पठारासारख्या प्रदेशाचे. 'कार्स्ट', म्हणजे चुनखडक विरघळून भेगा-गुहा झालेला प्रदेश, हा शब्द त्या पठारावरूनच आला. आपल्या राज्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे आणि त्यात अशा नद्या नाहीत. तरी तळहातावरचा नारळ उभा राहिला की पाणाड्या 'खाली नदी आहे' म्हणतो आणि बोअर आणखी शंभर फूट खाली जाते. नुसती गुहा दाखवणारे दालन या समजावर शिक्काच मारेल.

म्हणून काचेच्या दोन टाक्या शेजारी शेजारी ठेवाव्यात, प्रत्येकी सुमारे ६० सेंमी लांब. पहिलीत शहाबादी फरशीचे तुकडे रचून मधून बोटभर रुंदीची सलग फट सोडावी आणि बाकीचे सांधे सिलिकॉनने बुजवावेत. शहाबादी हा चुनखडकच. दुसरीत तळाला अखंड काळा दगड, वर भेगाळलेला दगड, मग वीतभर मुरूम आणि माथ्यावर काळी माती. दोन्हींच्या एका टोकाला युरॅनिन (पाण्यात हिरवा चमकणारा रंग) घातलेले लिटरभर पाणी ओतावे. पहिल्या टाकीच्या तोटीतून हिरवे पाणी काही सेकंदांत येते, दुसरीत मात्र बराच वेळ वाट पाहावी लागते.

चुका इथेच होतात. मुरूम धुऊन घेतला नाही तर गाळाने तोटी तुंबते. पाणी मातीतून न जाता काचेलगत पळते, त्यासाठी काचेवर आतून सिलिकॉनच्या आडव्या पट्ट्या द्याव्यात. मेथिलीन ब्लू हा निळा रंग वापरू नये, ते चिकणमातीला चिकटते आणि खालचे पाणी निवळच दिसते. युरॅनिन उन्हात फिके पडते, त्यामुळे टाक्या खिडकीपाशी नकोत. दिवे सतत चालू ठेवले तर शेवाळ धरते. पर्यटकांच्या गुहांतही दिव्यांभोवती हाच हिरवा थर दिसतो.

युरॅनिनची ही युक्ती जुनी आहे. १८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदी जिथे जमिनीत गडप होते, तिथे १० किलो फ्लुरेसिन (युरॅनिन हे त्याचेच सोडियम लवण) ओतले गेले. सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरचा आख झरा हिरवा झाला. इतक्या वेगाने धावणारे पाणी वाटेत गाळले जात नाही, म्हणून कार्स्टमध्ये घाणही तितक्याच वेगाने झऱ्यापर्यंत पोहोचते. बेसाल्टची अडचण निराळी, साठाच तुटपुंजा. भूजल अंदाजाच्या प्रचलित निकषांत बेसाल्टची विशिष्ट उत्पन्नक्षमता साधारण २ टक्के धरतात, म्हणजे घनमीटरभर भिजलेल्या खडकातून हाती येणारे पाणी २० लिटर, जेमतेम दोन कळशा. कार्स्ट झालेल्या चुनखडकाला ८ टक्के धरतात. हे आकडे टाक्यांवर ठळक लिहावेत.

सोड्याच्या द्रावणात दोरा बुडवून 'लवणस्तंभ' बनवण्याचा प्रयोग मात्र वगळावा. तिथे पाणी सुकते म्हणून क्षार बसतो. गुहेतली हवा जवळजवळ पूर्ण दमट असते, त्यामुळे पाणी फारसे सुकत नाही. थेंबातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना खाली बसतो. त्यापेक्षा कडाप्प्याच्या (हाही चुनखडकच) तुकड्यावर लिंबू पिळून ठेवावे. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पडतो तोच पांढुरका डाग पडेल, आणि आम्लात चुनखडक विरघळतो हे मुलांना कायमचे कळेल. शेजारी बेसाल्टचा तुकडाही ठेवावा, पण पांढरे ठिपके नसलेला. त्या ठिपक्यांत बऱ्याचदा कॅल्साइट, म्हणजे चुनखडकातलेच खनिज, असते, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडला की तेही फसफसते आणि सगळा घोळ होतो.

वणी, राजुरा, कोरपना या पट्ट्यात खरोखरच चुनखडक आहे, तिथले सिमेंट कारखाने त्याच्याच जोरावर उभे आहेत. तिकडच्या केंद्राने पहिली टाकी मोठी केली तरी चालेल.

आपले,
भूशास्त्राचे दोन शिक्षक, नागपूर