तेवढं एक पत्र कंपनीला पाठव

पुणे, मंगळवार, रात्री

चि. सोन्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तुला उद्यान एक्सप्रेसमध्ये बसवून परत येताना बाबा रिक्षात गप्पच होते. डेक्कन आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "निघताना तरी तो विषय काढायला नको होतास." खरं आहे त्यांचं. गाडी सुटायला पाच मिनिटं उरली असताना कुणी पोराला मेडिक्लेमच्या फॉर्मचं विचारतं का? "आई, मी एकतीस वर्षांचा आहे," असं म्हणून तू खिडकीकडे तोंड फिरवलंस. दोन दिवस तेच डोळ्यांपुढे येतंय. फोनवर मी भराभर बोलत सुटते आणि तू "हो, हो" म्हणतोस, म्हणून लिहायला बसले.

आधी तुझ्या नव्या कामाचं. तुम्ही तिघांनी चालती नोकरी सोडून स्वतःचं काही उभं करायचं ठरवलंत, त्याचा आम्हाला अभिमान आहे. बाबा तुझ्यासमोर बोलणार नाहीत, पण थोरात उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे दोनदा तरी सांगून झालंय. भीती वाटते, पण ती वाटणारच. नोकरी महिनाअखेर संपते, तिच्याबरोबर कंपनीचा ग्रुप विमाही संपतो, आणि हे ओळखून तू आपणहून स्वतःची पॉलिसी काढलीस. ऐकून फार बरं वाटलं. म्हणूनच फलाटावर सहज विचारलं, "दमा लिहिलास ना फॉर्ममध्ये?" तू म्हणालास, एजंट म्हणाला लहानपणीचं कशाला लिहायचं, उगाच हप्ता वाढेल.

सोन्या, तो एजंट उद्या तुझ्या खाटेशेजारी बसलेला नसेल.

माझं २०२२ मधलं तुला सगळं माहीत नाही. तेव्हा तू ऑफिसच्या कामाने बाहेर होतास, आणि फोनवर आम्ही फक्त "स्टेंट बसला, आई बरी आहे" एवढंच सांगितलं. झालं असं, की रात्री दोनच्या सुमाराला छातीत कळ आली आणि बाबांनी शेजाऱ्यांच्या गाडीतून मला नेलं. कॅज्युअल्टीत एक अगदी तरुण डॉक्टर कागद घेऊन उभा होता. त्याने विचारलं, "आजी, बीपी किती वर्षं आहे?" घाम सुटलेला, हाताला सुई टोचलेली. मी म्हटलं, "झाली असतील चार-पाच वर्षं." त्याने लिहिलं, पाच वर्षं. पॉलिसी २०१८ची आणि गोळी सुरू झाली २०१९ च्या ऑगस्टमध्ये. पण कागदावर पाच वर्षं म्हणजे २०१७ पासून. कंपनीने तेच बोट ठेवलं: पॉलिसी घेतानाच बीपी होतं, ते लपवलं, कॅशलेस, म्हणजे कंपनीने हॉस्पिटलचं बिल परस्पर भरणं, नामंजूर. डिस्चार्जच्या दिवशी २,८४,००० रुपये भरायचे होते. बाबांनी ताईच्या नावाची एफडी मोडली. संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसले, हातात तिच्या मोडलेल्या पावतीची झेरॉक्स होती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

ते पैसे परत मिळाले, तेही ऐक. डॉक्टरकाकांनी २०१९ मध्ये पहिल्यांदा गोळी लिहून दिलेली चिठ्ठी आपल्या निळ्या फाइलमध्ये होती, तारीख आणि सहीसकट. आप्पांनी लावलेली सवय, औषधाचा कागद टाकायचा नाही. डॉक्टरकाकांनी दाखला दिला. मग हॉस्पिटलच्या तिथल्या डॉक्टरांकडून, ती नोंद रुग्णाने अंदाजाने सांगितल्यावरून झाली, असं लेखी घेतलं. त्यासाठी बाबांनी चार हेलपाटे घातले. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला सगळं पाठवलं. महिनाभर उत्तर नाही. मग आम्ही दोघं विमा लोकपालांकडे गेलो. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, नारायण पेठेत, केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत. अलका चौकात रिक्षा सोडली आणि मी बाबांच्या हाताला धरून हळूहळू चालत गेले. तिथे वकील लागत नाही, फी नाही. आधी कंपनीकडे तक्रार केलेली हवी आणि तिने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायला हवा, एवढंच. काही महिन्यांनी निकाल आमच्या बाजूने लागला. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. ग्लोव्हज, मास्क असल्या किरकोळ वस्तूंचे पैसे कापले, ते नियमानेच कापतात, बाकीचे आले. ताईची एफडी पुन्हा केली.

आमच्या हातात ती चिठ्ठी होती, कारण आम्ही खरं लिहिलेलं होतं. तुझ्या हातात काय असेल, हा विचार मला झोपू देत नाही.

थांब, मी पुन्हा तिथेच आले. दुसरं सांगायचं होतं.

हॉस्पिटलमध्ये जायची वेळ येऊच नये, पण आली तर तुझ्या तब्येतीची माहिती डॉक्टरांना तूच दे, आणि नक्की आठवत नसेल तर "नक्की माहीत नाही" म्हण. आकडा ठोकून देऊ नकोस. जमेल तेव्हा केस पेपर बघायला माग. ठरवून ऑपरेशन असेल तर कंपनीला निदान ४८ तास आधी कळव, अचानक दाखल झालास तर २४ तासांच्या आत. खोलीचं भाडं पॉलिसीत किती बसतं ते आधी बघ. मावशीच्या पॉलिसीत दिवसाला ५,००० होते, तिने ८,००० ची खोली घेतली. तिला वाटलं, वरचे तीन हजार तेवढे आपल्या खिशातून जातील. पण डॉक्टरांच्या फीपासून ऑपरेशन थिएटरच्या भाड्यापर्यंत सगळं त्याच प्रमाणात कापलं गेलं. औषधं आणि तपासण्या तेवढ्या सुटल्या. २०२४ पासून कॅशलेसची पहिली मंजुरी कंपनीने तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची, असा विमा नियामकाचा आदेश आहे. तीन तासांपुढे ताटकळत ठेवलं आणि हॉस्पिटलने त्याचे जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे. तक्रारीसाठी १५५२५५ हा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेव. डिस्चार्ज कार्ड, बिलं, पावत्या, रिपोर्ट मूळ प्रतीच लागतात, देण्याआधी त्यांचे फोटो काढ.

बघ, पत्राचं पत्रक झालं. तू माझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहेस, हे सगळं मोबाइलवर दोन मिनिटांत काढशील. रागावू नकोस.

पण दम्याचं मात्र मोबाइल सांगणार नाही. तू पाच वर्षांचा असताना नेब्युलायझरचा मास्क तोंडावर धरून रात्र रात्र मी तुला मांडीवर घेऊन बसायची. लक्ष्मीपूजनाला खालून फटाक्यांचा धूर यायचा म्हणून खिडक्या बंद करून आपण तिघं आतल्या खोलीत पत्ते खेळायचो, ताई गच्चीत. आठवीत शाळेची सिंहगडाची सहल होती, सर म्हणाले पाठवू नका. दहावीच्या सुट्टीत तू कुठेही न थांबता तोच सिंहगड चढलास आणि पुणे दरवाजातून फोन केलास, "आई, मला धाप लागली नाही." फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून खूप रडले. तेव्हा वाटलं, संपलं एकदाचं.

सोन्या, रविवारी दशम्यांचा डबा ठेवायला मी तुझ्या बॅगेचा बाहेरचा कप्पा उघडला. आत निळा पंप होता. बरोबर मेडिकलचं बिल होतं, फेब्रुवारीचं.

मी काही बोलले नाही. फलाटावर बोलायला गेले ते फॉर्मबद्दलच निघालं तोंडातून.

पुन्हा कधी सुरू झालं, ते तुला वाटेल तेव्हा सांग. नाही सांगितलंस तरी चालेल. पण हा आता लहानपणीचा दमा राहिला नाही. पॉलिसीच्या आधीच्या तीन वर्षांत ज्याचं औषध घेतलं, तो आधीपासूनचा आजार धरतात. त्याची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने असते, पूर्वी ४८ होती. म्हणजे खरं लिहिलंस तर फार तर तीन वर्षं दम्याचा खर्च आपल्याला करावा लागेल, थोडा हप्ता वाढेल. वाढू दे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की नंतर लपवल्याचं कारण दाखवून क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर येतो. एजंट त्या पाच वर्षांच्या भरवशावर बोलत असेल. न्यूमोनिया काही पाच वर्षं थांबत नाही.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तुझे अजून पंधरा-सोळा दिवस उरले आहेत. त्याच्या आत कंपनीला लेखी कळव: दमा आहे, पंप वापरतो, ही डॉक्टरांची चिठ्ठी. नाहीतर महिना संपायच्या आत एचआरला विचार, ग्रुपमधून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि तिथे काढलेली वर्षं प्रतीक्षेत धरतात. तुला जे सोयीचं वाटेल ते कर. पण कर.

हप्त्यातला फरक आम्ही भरला तर चालेल का? असं विचारलेलं तुला आवडत नाही, माहीत आहे. तरी विचारते.

बाबा बरे आहेत. गुडघ्याचं सांगत नाहीत, पण जिना उतरताना कठडा धरतात. जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझी,
आई

ता. क. तुझा लहानपणीचा स्पेसर, पंपाला लावायची ती नळी, माळ्यावरच्या डब्यात सापडला. झडप कडक झाली आहे, तो काही उपयोगाचा नाही. नवा आणून ठेवला आहे. ताई पुढच्या शुक्रवारी बंगळूरला येते आहे, तिच्याबरोबर पाठवते. तिला काही सांगितलेलं नाही, पुडकं बांधूनच देईन.