मोडीच्या पोत्यातून चमचे काढून ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, मला माहीत आहे. मोबाइल तुमच्या हातात दोन मिनिटं टिकत नाही. म्हणून नातवाला सांगून ठेवलंय, दुकान बंद करताना तो वाचून दाखवेल. तोंडावर आभार मानायला आलो असतो तर "काहून बे, फुकट देल्लं का तुले? पैसे घेतले ना मी," म्हणून तुम्ही मला पायरीवरूनच परत पाठवलं असतं. पैसे घेतलेत, पण मोडीच्या भावाने. बाकी जे दिलंत ते चारचौघांना कळावं म्हणून उघडपणे लिहितोय.

वाचणाऱ्यांना दोन शब्दांत सांगतो. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात डाकसेवक आहे आणि मला चमचे जमवायचा नाद आहे. चमचे म्हणजे पळ्या, डाव, झारे, सराटे, पुरणाचे चाटू, संध्येची तांब्याची पळी, बाळाचं बोंडलं, सगळंच त्यात आलं. आमच्या घरी याला 'डाकवाल्याचं भंगार' म्हणतात. काकांचं तालुक्याच्या बाजारात भांड्यांचं दुकान आहे. नवी भांडी विकायची, जुनी मोडीत घ्यायची, नाव टाकून द्यायचं, आणि हिवाळ्यात अजूनही मागच्या अंगणात कल्हईची भट्टी पेटते.

काका, मोडीचं गणित तुम्हीच मला समजावलं होतं. स्टील आलं तेव्हा बायकांनी हंडे, गुंड, परात, गंज असं सगळं पितळ काट्यावर टाकलं आणि बदल्यात चकचकीत डबे नेले. हंड्याला किलोकिलोने वजन, त्यामुळे हंडे आधी वितळले. चमच्याचं वजन ते किती! त्याचे पैसे सुटत नव्हते म्हणून तो चुलीमागच्या खुंटीला राहिला. आता घरं पाडून बांधताना तो निघतो आणि लोखंडापत्र्यासोबत पोत्यात जातो. मला अजून वाटतं, एखाद्या घराची जुनी खूण शोधायची तर माळ्यावरच्या हंड्यापेक्षा खुंटीवरच्या पळीत शोधावी. हंडा पाहुण्यांना दिसायचा, पळी रोज हातात असायची.

त्या पोत्यात तुम्ही हात घालायला लागलात. मी काही सांगितलं नव्हतं. एकदा गेलो तर गल्ल्याखाली पेंडीच्या जुन्या थैलीत नाव असलेले तेवढे चमचे वेगळे ठेवलेले. "बिननावाचे तू पाहून घे, नाववाले मी पाह्यतो," एवढंच म्हणालात.

नाव कसं वाचायचं तेही तुम्हीच शिकवलंत. टिपक्याटिपक्यांनी ठोकलेलं अक्षर म्हणजे टोच्या-हातोडीचं काम, ओढलेली सलग रेघ म्हणजे विजेचं यंत्र आल्यानंतरचं. दांड्यावर जागा कमी, म्हणून पूर्ण नाव कधी नसतं. आद्याक्षरं, जमलं तर गाव, आणि बाप हौशी असेल तर शके. शक्यात ७८ मिळवले की इंग्रजी साल निघतं. आणि नाव वाचून झाल्यावर चमचा उलटा करायचा, कारण झीज मागे आणि कडेला असते.

त्या पितळी डावाची गोष्ट तर लिहायलाच हवी. दांड्यावर तीन आद्याक्षरं, खाली 'पवनी' आणि 'शके १८७१ वैशाख'. म्हणजे १९४९ चा उन्हाळा, लग्नसराई. तुम्ही म्हणालात, हे आंदण. भंडारा जिल्ह्यातल्या बापाने लेकीला भंडाऱ्याचं पितळ द्यावं यात नवल नाही, त्या गावाची ओळखच पितळेची. मग तुम्ही डाव पालथा केला, अंगठा कडेवरून फिरवला आणि मला दाखवलं. उजव्या हाताने बुड खरवडणारीच्या डावाची डावी कड झिजते. याची उजवी कड पार तिरपी झालेली, कागदासारखी पातळ.

"पाय, बाई डावरी असन."

बस, एवढ्यावर मी निघालो. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेराच्या गावाने हाक मारतात, त्यामुळे डाक वाटताना दारोदारी विचारायला प्रश्न तयार होता: तुमच्याकडे कोणी पवनीवाली होती का? पाटीवर नावं बदलतात, घरं विकली जातात, पण म्हाताऱ्या बायकांना कुठली सून कुठून आली ते पाठ असतं. नदीपलीकडच्या गावात एका आजीने हातातलं सूप खाली ठेवलं आणि बोटाने घर दाखवलं. त्या घरात पवनीवालीची नात होती. मी डाव पिशवीतून काढायच्या आधीच विचारलं, आजी स्वयंपाक कोणत्या हाताने करायच्या? ती हसायलाच लागली. "डाव्याच हातानं करे. सासू रागवे तिले, पंगतीत वाढाले उभी राहू देत नव्हती."

काका, तेव्हा मला तुमचा अंगठा आठवला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तिने डाव परत मागितला. खरं सांगतो, जिवावर आलं होतं. माझ्या सगळ्या भंगारात तेवढा एकच असा होता की त्याचं गाव, साल, हात, सगळं जुळलं होतं. पण तिला तो भिंतीवर टांगायचा नव्हता, कढीत घालायचा होता. आणि बिनकल्हईच्या पितळेत ताकाची कढी कळकते. तुम्ही तिला बाजाराच्या दिवशी बोलावलंत आणि भट्टी लावलीत. डाव तापला, नवसागराची चिमूट पडली, पांढरा धूर डोळ्यांत गेला, कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने तुम्ही ती चांदी वाटीभर फिरवली. कथील २३२ अंशांना वितळतं हे मी नंतर वाचलं. तुमच्याकडे कांडी टेकवून बघणं हेच माप. ती नात बोळ्याकडे बघत म्हणाली, कापूस तर आमच्याच वावरातला दिसतो. मजुरी घेतली नाहीत. माझ्याकडून मात्र चहाचे पैसे घेतलेत, ते बरं केलंत.

गोंदियाकडून आलेल्या त्या चमच्याबद्दलही आभार. विकणारा चांदीचा भाव सांगत होता. तुम्ही तो बाहेर उन्हात नेलात. खाली टेकतो तिथे, वाटीच्या बुडाला, मुलामा उडून आतला पिवळट-करडा धातू दिसत होता. मागे ई. पी. एन. एस. ही अक्षरं. म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्र धातूवर विजेने चढवलेली चांदी. इंग्लंडमध्ये एल्किंग्टन मंडळींनी १८४० साली पेटंट घेतलेली कला. आत चांदीचा कणही नाही. दांड्यावर बी. एन. आर., बंगाल नागपूर रेल्वे. ही कंपनी १८८७ साली निघाली, १९५२ साली पूर्व रेल्वेत गेली आणि १९५५ साली तिचा भाग दक्षिण पूर्व रेल्वे झाला. तेव्हा हा चमचा स्वातंत्र्याच्या आगेमागे कुठल्यातरी साहेबाच्या सूपात फिरला असणार. तो गोंदियाजवळच्या खेड्यात, चुलीशेजारी, मिठाच्या बरणीत कसा पोचला? मी त्या घरच्या म्हाताऱ्याला विचारणार होतो. तुम्ही बजावलंत, "रेल्वेचा चमचा घरी कसा आला हे इचारत नसतात बाप्पा." नाही विचारलं. त्यानेच जाताना सांगितलं की वडील गाडीवर खलाशी होते, आणि तो विषय तिथेच थांबवला.

गडचिरोलीकडचा वाळलेल्या भोपळ्याचा डोया, बांबूची दांडी खोवलेला, त्याला तुम्ही हात लावला नाहीत. "हे माह्या धंद्यातलं नाही," म्हणालात, आणि मला तिकडच्या एका बांबूवाल्याचं नाव दिलंत. ज्याला जे येतं त्याच्याकडे पाठवायचं, ही तुमची रीत मला आवडते. खामगावच्या चांदीच्या बोंडल्यासाठीही तुम्ही मला सराफाकडेच पाठवलं होतं.

माझं काम पत्त्यावर पत्र पोचवायचं. तुमच्यामुळे मी उलटं करायला लागलो: हातात वस्तू आहे, पत्ता शोधायचा. कधी लागतो, बऱ्याचदा लागत नाही. तरी थैली भरत असते आणि तुम्ही एकेक वेगळा काढत असता, भाव न वाढवता. चमच्यांना गिऱ्हाईक आहे हे कळल्यावर बाजारातल्या दुसऱ्या दोघांनी दर लगेच दुप्पट केले होते. नावं घेत नाही, तुम्हाला ठाऊक आहेत.

आता कामाचं. परवा एका घराच्या ढिगाऱ्यात तांब्याची पळी सापडली. दांड्यावर टिपक्यांचं नाव आहे आणि त्यातला 'ल' तुमच्या दुकानाच्या जुन्या पाटीवरच्या 'ल'सारखा वाटतो, म्हणजे तुमच्या वडिलांच्या हातचा असावा. शनिवारच्या बाजारात आणतो. चष्मा घरी विसरू नका, आणि गल्ल्याखालची थैली तोवर कोणाला देऊ नका. मागचे चाळीस रुपये माझ्याकडे बाकी आहेत, तेही घेऊन येतो.

आपला,
डाकवाला